खोका लहान, खर्ज खोल, आवाज मोठा: तिन्ही एकदम मिळत नाहीत

भाच्याचा फोन आला तेव्हा बाहेर आषाढ कोसळत होता आणि त्याला गणपतीच्या आत स्पीकर हवे होते. कुडाळजवळ नवं घर बांधलंय, टीव्ही भिंतीला लागलाय, आता त्याचा पत्र्यासारखा आवाज सहन होत नाही म्हणाला. "मामा, बारा हजारापर्यंत जोडी होयी. एक साठ वॅटची आसा, एक बेचाळीस वॅटची. साठवाली घेव ना?"

मी विचारलं, "खोली केवढी? वर कौलं की स्लॅब? आणि ऐकणार काय?"

"ता कित्याक? स्पीकर खयचो बरो ता सांग."

त्याचं ते ‘कित्याक’, म्हणजे ‘कशाला’, मनात राहिलं. गेल्या काही वर्षांत अशी विचारणा करणारे बरेच भेटले, आणि जवळजवळ सगळे वॅटपासून सुरुवात करतात. म्हणून अशा घरगुती पॉवर्ड बुकशेल्फ स्पीकरांबद्दल एकदा सगळं नीट लिहून काढतो.

आधी नावाचं बघू. बुकशेल्फ स्पीकर म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा, नऊ ते बारा-तेरा इंच उंचीचा लाकडी खोका. फळीवर तो मावतो म्हणून तिथे ठेवावा असं नाही, पण त्याबद्दल पुढे. त्यात दोन तोंडं असतात: खालचा मोठा कोन म्हणजे वूफर, तो खर्ज आणि मधले सूर वाजवतो, वरचा लहानसा घुमट म्हणजे ट्विटर, तो झांजेचा, घुंगरांचा, ‘स’ आणि ‘श’चा आवाज काढतो. पूर्वी अशा जोडीला वेगळं मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, घ्यावं लागे. पॉवर्ड स्पीकरमध्ये ते मशीन एका खोक्याच्या पोटातच बसवलेलं असतं. वीज त्या एकाला द्यायची, आणि दुसरा त्याला वायरने जोडायचा. मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर थेट लावता येतो. घरात वायरींचं जंजाळ कमी होतं आणि पैसेही वाचतात.

दुकानात ‘ॲक्टिव्ह’ असाही शब्द ऐकू येईल. विक्रेते दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण फरक आहे. साध्या पॉवर्ड जोडीत आवाज आधी मोठा होतो आणि मग तो वूफर-ट्विटरमध्ये वाटला जातो. खऱ्या ॲक्टिव्हमध्ये आधी वाटणी, मग प्रत्येक तोंडाला स्वतःचं वेगळं मशीन. जेबीएलचा ३०५पी हा स्टुडिओतला स्पीकर असा आहे: पाच इंची वूफरला ४१ वॅट, ट्विटरला वेगळे ४१ वॅट, आणि प्रत्येक खोक्याला स्वतःची विजेची वायर. उलट एडिफायरची आर१२८०टी ही लोकप्रिय जोडी साधी पॉवर्ड आहे: उजव्या खोक्यात मशीन, डावा त्याच्या मागे वायरने बांधलेला, दोघांचे मिळून ४२ वॅट. ॲक्टिव्ह पद्धत जास्त शिस्तीची, पण म्हणून साधी पॉवर्ड वाईट ठरत नाही.

आता वॅट. साठ आणि बेचाळीस यांतला फरक कागदावर दीडपटीच्या जवळ दिसतो, कानाला मात्र तो जेमतेम दीड डेसिबल असतो. डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते सांगायचं माप. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो, आणि आपल्याला ‘आवाज दुप्पट झाला’ असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. बहुतेक लहान स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर पंच्याऐंशी डेसिबलच्या आसपास देतात. सोळा वॅट दिले की सत्त्याण्णव. शांत गप्पांचा आवाज साठच्या घरात असतो, यावरून अंदाज करा. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस वॅटची जोडी शेजारच्या काकूंना खिडकीशी आणायला पुरेशी आहे. तेव्हा साठ की बेचाळीस यावर रात्र घालवू नये. आणि खोक्यावर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरं दिसली तर तो आकडा वाचूच नका. टेपरेकॉर्डरच्या काळापासून तो ग्राहकाला भुलवायला छापतात. मोजायची ठरलेली पद्धतच नसल्यामुळे हजार लिहा नाहीतर पाच हजार. ‘आरएमएस’, म्हणजे सलग देता येणारी ताकद, असं लिहिलेला आकडाच तेवढा धरायचा.

मग पैसे वाढवल्यावर मिळतं काय? इथे एक नियम कळला की अर्धी खरेदी झाली. अमेरिकेत १९५७ मध्ये केएलएच नावाची स्पीकर कंपनी निघाली. त्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन, प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याच्या नावाने ओळखला जाणारा ‘लोखंडी नियम’ असा: लहान खोका, खोल खर्ज, आणि कमी ताकदीत मोठा आवाज, यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी घ्या, तिसरी सोडावी लागेल. गणितही सोपं आहे. एक सप्तक खाली उतरायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, तर खोका आठपट मोठा हवा. खोका तेवढाच ठेवायचा तर तोच आवाज काढायला ताकद आठपट. शिवाय सप्तकभर खाली तेवढ्याच जोराने वाजायचं तर कोनाला चौपट पुढेमागे हलावं लागतं, आणि चार इंची कोन हलून हलून किती हलणार?

ब्लूटूथचा नारळाएवढा डबा हळू आवाजात छान घुमतो आणि मोठा केला की घुमणं गायब होऊन नुसता कर्कश होतो, त्याचं कारण हेच. आतलं इलेक्ट्रॉनिक्स हळू आवाजात खर्ज ओढून ताणून वर काढतं. कोनाची हालचाल संपत आली की तेच तो खर्ज गुपचूप कापतं. म्हणून कुणी तुम्हाला ओंजळीएवढा खोका दाखवून ‘ह्येका वेगळ्या वूफरची गरज नाय’ म्हणाला, तर हॉफमनला आठवा.

पण किती खोल खर्ज आपल्याला हवाय, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं; आकडा लहान तेवढा सूर खालचा) ऐकतो असं पुस्तकात असतं, आणि खोक्यावरही हौसेने तेच छापतात. खरा आकडा पाहायचा तर पुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो आकडा म्हणजे ‘कसाबसा ऐकू येतो’ एवढंच. आता आपल्या ऐकण्यातले आवाज घ्या. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. पुरुषाचा बोलण्याचा आवाज शंभर-सव्वाशेच्या आसपास. चार इंची वूफरची बरी जोडी साठ-सत्तरपर्यंत ठीक उतरते. म्हणजे नाट्यसंगीत, अभंग, भजन, जुनी सिनेमातली गाणी, बातम्या यांतलं जवळजवळ काही सुटत नाही. सुटतो तो हल्लीच्या गाण्यातला पोटात धडकणारा ठोका आणि सिनेमातला स्फोट.

त्यातही कानाची एक गंमत आहे. तानपुऱ्याच्या त्या खर्जाच्या तारेत मूळ ६९चा सूर तसा क्षीणच असतो. त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर जोरदार असतात. वरचे स्वर नीट पोचले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतः भरून काढतो. म्हणून प्रामाणिक लहान स्पीकरवर तानपुरा भरल्यासारखा वाटतो, आणि फुगवलेल्या खर्जाच्या मोठ्या डब्यावर चिखलात बसल्यासारखा.

सिंधुदुर्गात स्पीकर पारखायला माझ्या मते डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या जुगलबंदीच्या, भजनाच्या ध्वनिमुद्रणाइतकं चांगलं काही नाही. एका बाजूला पखवाज, दुसऱ्या बाजूला झांजा, मध्ये पेटी, आणि बुवा तार सप्तकात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या धुमाची, म्हणजे डाव्या तोंडाची, थाप पडली की ती थाप ऐकू आली पाहिजे आणि लगेच थांबलीही पाहिजे. नुसतं ‘भोंऽऽ’ उरलं तर खर्ज ढिला आहे. झांजा एकमेकांवर आपटतात तो पितळी नाद यायला हवा. कढईत वाळू ओतल्यासारखा ‘छस्स्स’ आला तर ट्विटर स्वस्तातला. आणि कोरस चढल्यावरही बुवांचे शब्द कळले पाहिजेत. शब्द मध्यात, म्हणजे मधल्या सुरांत, असतात, आणि मध्य नीट वाजवणं हे खर्ज दणकावण्यापेक्षा कठीण काम आहे. भाच्याने एका दुकानात हा प्रयोग केला आणि फोनवर सांगितलं, "मामा, साठवालो मोठो वाजता, पण कानाक टोचता." हे त्याचं परीक्षण मला खोक्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा भरवशाचं वाटलं.

दुकानातली एक चलाखीही ओळखून असावी. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मनसन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. म्हणजे आवाज जरा वाढवला की तोच स्पीकर भरदार वाटू लागतो. विक्रेत्याला जी जोडी विकायची असते ती किंचित मोठ्याने लावली की काम झालं. तेव्हा दोन्ही जोड्यांचा आवाज स्वतः सारखा करून घ्या आणि मगच तुलना करा. डोळे मिटलेत तर आणखी बरं. हे मी थट्टेने म्हणत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये त्याच माणसांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या खोक्यांचे गुण वर गेले आणि लहान, स्वस्त संचाचे खाली आले. ऐकणारे कुणी ऐरेगैरे नव्हते, स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच लोक होते.

आता भाच्याच्या ‘कित्याक’ला उत्तर देतो. स्पीकर आपण विकत घेतो, पण ऐकतो तो स्पीकर आणि खोली मिळून. आमचं वेंगुर्ल्याचं घर जुनं, जांभ्याच्या भिंतींचं आणि कौलारू. वर माळा, त्यावर कौलं, कौलांत फटी. अशा घरात खर्ज कोंडून राहत नाही, छपरातून निघून जातो. तीच जोडी मी मेव्हण्याच्या स्लॅबच्या बंगल्यात नेऊन लावली तर ओळखू येईना: खाली टाईल्स, वर काँक्रीट, चार गुळगुळीत भिंती, एकही पडदा नाही. टाळी वाजवली तर खोली परत टाळी देते. भजन म्हणजे विहिरीत गायल्यासारखं.

त्यामागे साधा हिशोब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. बारा फुटी खोलीत समोरासमोरच्या दोन पक्क्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासची अर्धी लाट नेमकी बसते, दहा फुटात ५६-५७ची. तो सूर लागला की खोलीच त्याच्याबरोबर झुलते आणि भिंतीपाशी तो दामदुप्पट ऐकू येतो. त्यात खोका भिंतीला चिकटवला की खालचे सूर सहा डेसिबलपर्यंत फुगतात, कोपऱ्यात सारला की आणखी. म्हणून माझा सल्ला उलटसुलट वाटेल, पण घर बघून दिलेला आहे: स्लॅबच्या बंद खोलीत लहान वूफर घ्या आणि भिंतीपासून हात-दीड हात पुढे ठेवा, कौलारू घरात पाच इंची घ्या आणि भिंतीच्या जवळ न्या, भिंत फुकटात खर्ज देईल. बऱ्याच खोक्यांना मागे एक भोक असतं, त्यातून खर्जाला मदत होते. ते भोक भिंतीने किंवा पुस्तकांनी दाबलं की सगळा हिशोब बिघडतो. फळीचं नाव घेतलं होतं ते इथे आलं.

बसण्याची जागा आणि दोन खोके यांचा समभुज त्रिकोण करायचा आणि ट्विटर कानाच्या उंचीला आणायचा, बस्स. स्टँडवर चार-पाच हजार घालवण्याआधी अंगणात पडलेले दोन चिरे बघा. जमिनीवर बैठक मारून ऐकणाऱ्यासाठी उभा चिरा, त्यावर काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा, त्यावर खोका, पुढून जरा वर उचललेला. चिरा जड आहे आणि स्वतः वाजत नाही, स्टँडकडून आपल्याला तेवढंच हवं असतं. शिवाय खोलीत सतरंजी आणि एक जाड पडदा. मेव्हण्याकडे एवढंच केलं आणि विहीर निम्मी बुजली.

किमतींचं माझं मत थोडक्यात. पाच हजारांच्या खाली प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यांचं काम वाजायचं, तेवढं ते करतात. आठ ते पंधरा हजारांत पहिल्यांदा खरा लाकडी खोका, कापडी घुमटाचा ट्विटर आणि समजूतदार मध्य मिळतो, आणि रुपयामागे जास्तीत जास्त आवाज सुधारतो तो याच टप्प्यात. तिथून पंचवीस हजारांपर्यंत गेलात तर पाच इंची वूफर, थोडा खोल खर्ज, मोठ्याने लावल्यावरही न बिघडणारा आवाज. मोठा हॉल असेल तर ते पैसे वसूल. दहा बाय बारात असेल तर नाही. त्याच्याही पुढे फरक असतात, पण ते ऐकायला आधी खोली सुधारावी लागते. पंधरा हजारांची जोडी आणि दोन हजारांचे पडदे हे मला पंचवीस हजारांच्या जोडीपेक्षा कधीही चालतील. स्टुडिओ मॉनिटर म्हणून मिळणारे लहान स्पीकर, उदाहरणार्थ प्रीसोनसचा साडेतीन इंची एरिस, मध्याला प्रामाणिक असतात. मात्र ते हातभर अंतरावर बसून ऐकायला बनवलेले, पडवीत बसून ओटीवरचा आवाज ऐकायला नव्हे.

ब्लूटूथसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का? सोय म्हणून जरूर. त्याची सगळ्यांत साधी पद्धत एसबीसी, ती प्रत्येक यंत्रात असतेच, आणि चांगल्या जुळणीत सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जाते. भजन ऐकताना मला तरी फरक कळत नाही. टीव्हीला मात्र वायर लावा. ब्लूटूथवर आवाज क्षणभर उशिरा येतो, आणि बातम्या देणारीचे ओठ आधी हलतात.

आता जे मुंबईच्या परीक्षणांत कुणी लिहीत नाही ते. आपली हवा खारट आणि ओली. माझी पहिली जोडी महागातली होती, कोनाभोवतीची कड फोमची. सातव्या पावसाळ्यात ती कड बोट लावताच भिजलेल्या टोस्टसारखी गळून पडली. फोम दमटपणात कुजतो, रबर टिकतं. तेव्हा जाळी काढून बोटाने हलकेच दाबून बघा: कड रबरी हवी. खोका दाबलेल्या भुशाच्या फळीचा असतो, त्याची खालची धार पाणी पिऊन फुगते. ओल धरणाऱ्या भिंतीला तो टेकवू नका. पाठीमागच्या पिनांवर हिरवट पुटं चढतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पिना काढून फिरवून परत घालाव्या, खरखर गेली पाहिजे.

विजेचं आणखी निराळं. आश्विनातल्या गडगडाटात माझ्या एका जोडीचं मशीन जळलं, बटण बंद असताना. बटण बंद म्हणजे वायर तुटली असं नव्हे. पिन भिंतीतून उपटायची. इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा, जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तीच गुणगुण स्पीकरातून येते. गाणं नसतानाही सतत ‘हूंऽऽ’ येत असेल तर स्पीकर परत पाठवण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.

याच विजेमुळे एका गोष्टीत माझं मन अजून दोन्हीकडे ओढतं. पॉवर्ड स्पीकरचं मशीन गेलं की अख्खा खोका कुरियरने कोल्हापूरला नाहीतर मुंबईला. वेगळं मशीन आणि साधे स्पीकर असते तर मशीन तेवढं बदललं असतं, खोके वीस वर्षं चालले असते. ज्याच्या घरावर दर वर्षी वीज पडल्यासारखी होते, त्याने वेगळ्या मशीनचा तो खटाटोप करावा. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी तरीही पॉवर्डच सांगतो, कारण वेगळ्या मशीनच्या भानगडीत पडलेली माणसं बहुधा काहीच न घेता टीव्हीच्या आवाजावर दिवस काढतात.

भाच्याने शेवटी बेचाळीसवाली घेतली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी लावली, आरत्या वाजल्या, फुगड्या झाल्या, चाकरमानी परत गेले. मग घर महिनाभर बंद राहणार म्हणून मी त्याला सांगितलं होतं की मागच्या भोकांत एकेक जुना मोजा कोंबून ठेव, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. माझ्याकडे तिने बांधलं होतं. दिवाळीत त्याचा फोन. "मामा, बेस कमी झालो. मशीन गेला काय?"

मोजे तसेच आत होते. काढ म्हटलं, तर काढून ऐकलं आणि थोड्या वेळाने परत फोन केला: एक मोजा काढला आणि एक ठेवला तर त्याच्या स्लॅबच्या खोलीत जास्त बरं वाटतंय, चालेल का? ठेवायचे तर दोन्हीकडे सारखे ठेव, म्हटलं. दोन्ही आतच आहेत.